डेट्रॉईट नदीत सीमेपलीकडे गळ टाकताना : परवाना, कस्टम्स आणि बोटीचे नियम कोणत्या क्रमाने पाळावेत

डेट्रॉईट नदी, तिच्या वरच्या तोंडाचे सेंट क्लेअर सरोवर आणि खालच्या तोंडाशी सुरू होणारा ईरी सरोवराचा पश्चिम भाग या तिन्ही पाण्यांमधून अमेरिका आणि कॅनडा यांची सीमा जाते. हा लेख मुख्यतः अमेरिकेच्या मिशिगन राज्यातून बोट काढून पलीकडच्या, कॅनडाच्या ओंटारियो प्रांताच्या पाण्यात मासे गरवू इच्छिणाऱ्यांसाठी लिहिला आहे. ओंटारियोतील विंडसर (डेट्रॉईटसमोरचे शहर) किंवा टोरांटोकडून उलट दिशेने येणाऱ्यांसाठी टप्पा ८ वेगळा ठेवला आहे. कोकणात खाडीच्या काठावर गरी टाकून बसणाऱ्याला सहसा कोणी कागद विचारत नाही. इथे मात्र बोटीत बसलेल्या प्रत्येकाला वेगवेगळा कागद लागू शकतो, आणि बहुतेक चुका मासेमारीत नव्हे तर या कागदांच्या क्रमात होतात.

त्या चुकांचे मूळ बहुधा एकच असते. लोक "कळवावे लागते का?" असा एकच प्रश्न विचारतात आणि त्याचे उत्तर "नाही" मिळाले की सगळेच माफ आहे असे धरून चालतात. प्रत्यक्षात प्रश्न दोन आहेत आणि त्यांच्या कसोट्याही दोन आहेत. मासेमारीचा परवाना सीमारेषेशी बांधलेला आहे: रेषेच्या पलीकडे गळ पाण्यात गेला की ओंटारियोचा परवाना हवा, मग तुम्ही जमिनीला पाय लावा अथवा न लावा. कस्टम्सची नोंद स्पर्शाशी बांधलेली आहे: बोट किनाऱ्याला लागली, नांगर पडला किंवा दुसऱ्या बोटीशी संपर्क झाला की नोंद हवी. या दोन कसोट्या मनात वेगळ्या ठेवल्या, तर पुढचे टप्पे सोपे जातात.

## टप्पा १ : सहल "स्पर्शाची" की "बिनस्पर्शाची", हे घरी ठरवा

कॅनडाच्या कस्टम्स कायद्यात २०१७ साली बदल झाला. त्यानुसार कॅनडाबाहेरून थेट कॅनडाच्या पाण्यात येऊन पुन्हा बाहेर जाणाऱ्या बोटीवरील माणसांना काही अटींवर नोंद करावी लागत नाही. अटी अशा आहेत: माणूस कॅनडात असताना सतत त्याच बोटीवर असला पाहिजे, त्याने कॅनडाच्या भूमीवर उतरता कामा नये, आणि बोटीने नांगर टाकता कामा नये, धक्क्याला किंवा बोयाला (पाण्यावरच्या तरंगत्या खुणेला) बांधून राहता कामा नये आणि दुसऱ्या कोणत्याही बोटीशी संपर्क करता कामा नये. अधिकाऱ्याने मागणी केली तर मात्र या सवलतीतही त्याच्यासमोर हजर व्हावेच लागते.

या अटी वाचून लोक मान डोलावतात आणि पाण्यावर गेल्यावर विसरतात. प्रवाहाबरोबर बोट वाहू देत गळ टाकणे किंवा इंजिन मंद ठेवून गळ मागे ओढत नेणे (ट्रोलिंग) ही बिनस्पर्शाची सहल आहे. ओळखीच्या बोटीला दोरी बांधून शेजारी-शेजारी थांबणे, आमिषाचा डबा एका बोटीतून दुसऱ्या बोटीत देणे, उथळ जागी नांगर टाकून डबा उघडणे, विंडसरच्या मरिनात पेट्रोल भरणे, या सगळ्यांत सवलत संपते. "सतत बोटीवर" ही अटही शब्दशः घ्यावी आणि उन्हाळ्यात मुलांना कॅनडाच्या बाजूला पोहण्यासाठी पाण्यात उतरवू नये. नदीच्या वरच्या तोंडाशी असलेले पेश आयलंड निर्मनुष्य आणि रमणीय दिसते, म्हणून तिथे उतरून जेवावेसे वाटते. पण ते बेट कॅनडाचे आहे आणि तिथे पाय ठेवणे म्हणजे कॅनडात प्रवेश करणेच होय.

ज्यांना एकाच जागी थांबून मासेमारी करायची आहे, त्यांनी सवलतीच्या कडेकडेने जाण्याच्या क्लृप्त्या शोधण्यापेक्षा सरळ स्पर्शाची सहल धरावी, नोंद करावी आणि मोकळे व्हावे. फोनवरची ही नोंद फार वेळ घेत नाही.

पडताळणी : बोटीवरच्या प्रत्येकाला आज काय करायचे नाही हे निघण्यापूर्वी सांगितले आहे का? नांगर टाकणारा माणूस बहुतेक वेळा कप्तान नसतो, दुसराच कोणी उत्साही असतो.

## टप्पा २ : पासपोर्ट, व्हिसा आणि सगळ्यांत कच्चा कागद

हा टप्पा भारतीय पासपोर्ट असलेल्यांसाठी सर्वांत महत्त्वाचा आहे आणि इंग्रजीतल्या मासेमारीच्या मार्गदर्शकांत तो जवळजवळ नसतो, कारण ती अमेरिकी नागरिकांसाठी लिहिलेली असतात.

अमेरिकी नागरिकाला कॅनडात जाण्यासाठी व्हिसा लागत नाही. ग्रीन कार्डधारकालाही लागत नाही, पण त्याच्याजवळ वैध ग्रीन कार्ड आणि स्वतःच्या देशाचा वैध पासपोर्ट, दोन्ही हवेत. एकटे ग्रीन कार्ड पुरत नाही. एच-१बी, एल-१, एफ-१ किंवा एच-४ अशा नोकरी, शिक्षण किंवा कुटुंबीयांच्या तात्पुरत्या व्हिसावर अमेरिकेत राहणाऱ्या भारतीय नागरिकाला मात्र कॅनडाचा अभ्यागत व्हिसा आधीच घेतलेला असावा लागतो. अमेरिकेत कायदेशीर वास्तव्य आहे एवढ्यावर कॅनडाचा किनारा मोकळा होत नाही.

परत येण्याचा विचारही जाण्यापूर्वीच करावा. पासपोर्टमधला अमेरिकी व्हिसाचा शिक्का संपला असेल, पण आय-९४ (अमेरिकेतील प्रवेशाची आणि मुदतीची नोंद) वैध असेल आणि कॅनडातील मुक्काम ३० दिवसांपेक्षा जास्त नसेल, तर आपोआप नूतनीकरणाच्या नियमाखाली परत येता येते. मात्र त्या मुक्कामात नव्या अमेरिकी व्हिसासाठी अर्ज केलेला नसावा. यासाठी आय-९४ ची छापील प्रत जवळ ठेवावी. ग्रीन कार्डाचा अर्ज प्रलंबित असून जे केवळ ईएडीवर (कामाच्या परवानगीपत्रावर) काम करतात, त्यांनी अॅडव्हान्स पॅरोलशिवाय (परतण्याच्या आगाऊ परवानगीशिवाय) देशाबाहेर जाणे म्हणजे तो अर्ज सोडून दिल्यासारखे धरले जाऊ शकते. अशांनी एका वॉलाय माशासाठी हा धोका पत्करू नये.

"आम्ही बिनस्पर्शाचीच सहल करणार आहोत, मग व्हिसा कशाला?" असे विचारले जाते. इंजिन बंद पडते, वारा फिरतो, सेंट क्लेअरसारख्या उथळ सरोवरात लाटा पाहता पाहता उठतात आणि बोट ज्या किनाऱ्याला लागायला नको त्याच किनाऱ्याला लागते. संकटात किनारा गाठणे हा अर्थातच पहिला धर्म आहे आणि तिथून पहिल्या संधीला फोन करून कळवले की अधिकारी परिस्थिती समजून घेतात. पण त्या वेळी हाती पासपोर्टच नसेल, तर साधा बिघाड दिवसभराचे प्रकरण होतो. म्हणून बिनस्पर्शाच्या सहलीतही कागद स्पर्शाच्या सहलीचेच घ्यावेत, आणि ज्यांच्याजवळ ते नाहीत त्यांनी बोट अमेरिकी बाजूलाच ठेवावी. त्या बाजूलाही मासे भरपूर आहेत.

एका बोटीत नागरिक, ग्रीन कार्डधारक आणि एच-१बीवाले एकत्र असतील, तर त्या दिवसाचा मार्ग सर्वांत कच्च्या कागदावर ठरवावा. अमेरिकेत जन्मलेल्या मुलांना समुद्र किंवा जमिनीमार्गे कॅनडातून परतताना, वय १६ पेक्षा कमी असल्यास, जन्मदाखला चालतो. आई-वडिलांपैकी एकच जण सोबत असेल, तर दुसऱ्याचे संमतिपत्र ठेवावे.

इशारा : मूळ पासपोर्ट जलरोधक पिशवीत ठेवा आणि ती पिशवी बोटीला बांधा. फोनमधला फोटो म्हणजे पासपोर्ट नव्हे.

## टप्पा ३ : ओंटारियोचा मासेमारी परवाना

मिशिगनचा परवाना (१७ वर्षे आणि त्यावरील प्रत्येकाला लागतो) सीमारेषेवर संपतो. पलीकडे ओंटारियोचा अनिवासी परवाना हवा. तो ओंटारियो सरकारच्या संकेतस्थळावरून घरबसल्या मिळतो. वर्षभराच्या परवान्यासाठी आधी आउटडोअर्स कार्ड (ओंटारियोचे मासेमारी-शिकारीसाठीचे ओळखपत्र) काढावे लागते, तर एका दिवसाच्या परवान्याला ते लागत नाही. वर्षातून एकदाच जाणाऱ्यासाठी एका दिवसाचा परवाना पुरेसा आहे.

परवान्याचे दोन प्रकार असतात. "स्पोर्ट" परवान्यात पूर्ण कोटा (ठेवता येणाऱ्या माशांची संख्या) मिळतो आणि "कन्झर्वेशन" परवान्यात तो कमी असतो. स्वस्त म्हणून कन्झर्वेशन परवाना घ्यायचा आणि शेजारच्या बोटीकडे पाहून पूर्ण कोटा भरायचा, ही चूक नवख्यांकडून हमखास होते.

कॅनडाबाहेर राहणारी १८ वर्षांखालील मुले परवानाधारकासोबत असतील तर त्यांना वेगळा परवाना लागत नाही, पण त्यांनी ठेवलेला मासा सोबतच्या मोठ्या माणसाच्या कोट्यात मोजला जातो. मुलांचा कोटा हवा असेल तर त्यांचा परवाना काढावा.

यानंतर त्या पाण्याचे त्या वर्षाचे नियम वाचावेत. ओंटारियोत पाण्याचे क्षेत्रवार विभाग आहेत आणि ईरी सरोवर विभाग १९ मध्ये येते. हंगाम, कोटा आणि माप तिन्ही विभागाप्रमाणे बदलतात. मिशिगनमध्येही हे सर्वत्र सारखे नसते: डेट्रॉईट नदीत वॉलाय किमान १५ इंचांचा लागतो, तर सेंट क्लेअर सरोवरात १३ इंचांचा चालतो. रेषा ओलांडली की हे सगळे पुन्हा पहिल्यापासून तपासावे लागते.

हंगामाबाबत एक फरक विशेष घातक आहे. मिशिगनमध्ये बास मासा पकडून लगेच सोडून देणे वर्षभर चालते. ओंटारियोत ज्या माशाचा हंगाम बंद आहे, तो सोडून देण्याच्या इराद्यानेही पकडायचा प्रयत्न करणे बेकायदेशीर आहे. वसंताच्या अखेरीस बास अंडी घालण्यासाठी उथळ पाण्यात येतो, तेव्हा सेंट क्लेअरवर अमेरिकी बाजूला बास धरून सोडणाऱ्या बोटी दिसतात. त्यांच्या मागोमाग आपण रेषेपलीकडे सरकलो, तर तोच खेळ गुन्हा होतो. "मी ठेवला कुठे?" हा बचाव तिथे चालत नाही.

सेंट क्लेअरच्या ईशान्येकडील वॉलपोल आयलंड ही आदिवासी फर्स्ट नेशनची भूमी आहे. तिच्या पाणथळ भागांत मासेमारीसाठी त्या समाजाची वेगळी परवानगी लागते. ओंटारियोचा परवाना तिथे पुरेसा नाही.

पडताळणी : परवाना (छापील किंवा फोनवर), आउटडोअर्स कार्ड (लागू असल्यास), विभागाचे नियम आणि मोजपट्टी, या चार गोष्टी बोटीत आहेत का?

## टप्पा ४ : आमिष आणि सामान

ओंटारियोत आमिष म्हणून वापरण्यासाठी जिवंत मासे, जळवा, क्रेफिश किंवा सॅलमँडर बाहेरून आणणे बेकायदेशीर आहे. मिशिगनच्या दुकानात घेतलेल्या जिवंत मिनोंची (आमिषाच्या लहान माशांची) बादली घेऊन रेषा ओलांडणारे लोक हा नियम दर आठवड्याला मोडतात आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो. यामागचे कारण साधे आहे: बादलीतल्या पाण्याबरोबर रोग आणि उपरे जीव एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जातात. गांडुळे न्यायची असतील तर ती मातीत नव्हे, कृत्रिम भुशात ठेवलेली असावीत. मृत लहान माशांच्या आमिषाबाबतही मोकळीक गृहीत धरू नये. सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे रबरी आणि धातूची कृत्रिम आमिषे, किंवा ओंटारियोतच विकत घेतलेले आमिष. ते विकत घ्यायचे तर उतरावे लागते, म्हणजे स्पर्श आला, हे ध्यानात ठेवावे.

राउंड गोबी हा छोटा, मोठ्या डोक्याचा मासा या पाण्यात वारंवार गळाला लागतो. तो आक्रमक प्रजाती म्हणून नोंदलेला आहे. तो जिवंत बाळगू नये आणि आमिष म्हणूनही वापरू नये.

आता मासेमारीशी संबंध नसलेल्या, पण बोटी अडकवणाऱ्या दोन वस्तू. पहिली म्हणजे गांजा आणि त्याची उत्पादने. मिशिगनमध्ये तो कायदेशीर आहे, ओंटारियोतही आहे, पण सीमेपलीकडे नेणे कोणत्याही दिशेने बेकायदेशीरच आहे. दुसरी म्हणजे शस्त्रे. मिशिगनमधला पिस्तुलाचा परवाना कॅनडात निरुपयोगी आहे, आणि माणसांवर वापरायचा पेपर स्प्रेही तिथे प्रतिबंधित शस्त्र मानला जातो. पर्समधली किल्ल्यांची साखळी तपासावी, कारण हा स्प्रे बहुधा तिथेच लटकलेला असतो.

मद्याबाबत ओंटारियोचा नियम कडक आहे. कायमची झोपण्याची, स्वयंपाकाची आणि शौचाची सोय असलेली बोट नांगरलेली किंवा धक्क्याला बांधलेली असेल तेव्हाच तिच्यावर पिता येते. मासेमारीच्या साध्या उघड्या बोटीत उघडी बाटली चालत नाही. रक्तातील प्रमाण १०० मिलिलिटरला ८० मिलिग्रॅम किंवा जास्त असताना बोट चालवणे हा कॅनडात फौजदारी गुन्हा आहे. स्पर्शाच्या सहलीत प्रौढ अभ्यागताला १.१४ लिटर मद्य, किंवा १.५ लिटर वाइन, किंवा ८.५ लिटर बिअर करमुक्त नेता येते. ओंटारियोत त्यासाठी वय १९ पूर्ण असावे लागते.

## टप्पा ५ : बोट आणि चालक

मिशिगनची नोंदणी असलेल्या बोटीचे प्रमाणपत्र बोटीतच असावे, घरच्या फायलीत नव्हे. मिशिगनमध्ये १ जुलै १९९६ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या चालकाला बोटिंग सुरक्षा प्रमाणपत्र लागते. कॅनडात मोटरबोट चालवणाऱ्या प्रत्येकाला चालक कार्ड किंवा तत्सम पुरावा हवा असतो, पण स्वतःची परदेशात नोंदलेली बोट घेऊन सलग ४५ दिवसांपेक्षा कमी काळ आलेल्या अनिवासी चालकाला त्यातून सूट आहे. ही सूट तुमच्या बोटीसह येण्याला आहे. विंडसरमध्ये भाड्याने घेतलेल्या बोटीसाठी ती धरू नये.

प्रत्येक माणसासाठी योग्य मापाचे लाइफ जॅकेट हवे. मिशिगनमध्ये ६ वर्षांखालील मुलांनी उघड्या डेकवर ते घातलेलेच असावे लागते. मोठ्यांनीही घालावे, कारण डेट्रॉईट नदीचा प्रवाह जोरदार आहे आणि वॉलायच्या ऐन हंगामात, एप्रिलमध्ये, पाणी बर्फासारखे गार असते. त्याशिवाय शिट्टी किंवा भोंगा, अग्निशामक, दिवे, संकटकालीन इशाऱ्याची साधने, पाणी उपसण्याचे भांडे आणि किमान १५ मीटर लांबीची तरंगती दोरी ठेवावी. अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांपेक्षा लहान मोटरबोटींच्या चालकाने इंजिन-बंद स्विचची दोरी वापरणे बंधनकारक आहे.

३० फूट किंवा त्याहून लांब बोट असेल, तर अमेरिकेत परतताना लागणाऱ्या वार्षिक शुल्काचा स्टिकर आधीच ऑनलाइन घ्यावा.

## टप्पा ६ : पाण्यावर, रेषेच्या आसपास

सरोवरात सीमा दाखवणारे बोये नाहीत. रेषा फक्त नकाशावर आणि चार्टप्लॉटरवर (बोटीवरच्या जीपीएस नकाशाच्या पडद्यावर) दिसते. निघण्यापूर्वी प्लॉटरवर ती रेषा ठळक करून घ्यावी. डेट्रॉईट शहरासमोर अनेकांची दिशाभूल होते, कारण तिथे कॅनडा उत्तरेला नसून दक्षिणेला आहे. बेटांबाबतही गोंधळ होतो: बेल आयल आणि ग्रोस ईल अमेरिकेची, तर फायटिंग आयलंड आणि बॉब्लो कॅनडाची. फोनने विंडसरचा टॉवर पकडला म्हणून तुम्ही कॅनडात आहात असे होत नाही आणि मिशिगनचा पकडला म्हणून अमेरिकेतच आहात असेही होत नाही.

रेषा ओलांडण्यापूर्वी गळ मोजा. मिशिगनमध्ये एका माणसाला तीन गळ चालतात. ओंटारियोचा सर्वसाधारण नियम एका गळाचा आहे, आणि ग्रेट लेक्सच्या (ईरी ज्यात येते त्या सरोवरसमूहाच्या) काही भागांत बोटीवरून दोन चालतात. ट्रोलिंग करत असताना तिसरा गळ पाण्यात तसाच ठेवून बोट पलीकडे जाणे ही या पाण्यातली फार सामान्य चूक आहे, कारण त्या क्षणी कोणाचेही लक्ष प्लॉटरकडे नसते.

मासे बोटीवर साफ करू नयेत. ज्या माशाला किमान माप आहे तो मोजता येईल असा अखंड ठेवावा आणि तुकड्या धक्क्यावर किंवा घरी कराव्यात. प्रत्येकाचे मासे शक्यतो वेगळ्या पिशवीत ठेवावेत. दोन परवाने हाती असले म्हणजे दोन कोटे मिळाले, असे धरू नये. दोन्ही बाजूंच्या नियमांपैकी जो अधिक कडक, तोच आपला मानावा. यात आणखी एक धागा गुंतला आहे: अमेरिकेचा लेसी कायदा परदेशी कायदा मोडून पकडलेला मासा अमेरिकेत आणणे हा संघीय गुन्हा ठरवतो. म्हणजे ओंटारियोचा कोटा मोडलेला मासा मिशिगनच्या धक्क्यावर दुसऱ्यांदा गुन्हा होतो.

जहाजांच्या मार्गिकेत नांगर टाकणे हा कस्टम्सच्या आधी जिवाचा प्रश्न आहे. या नदीतून हजार फूट लांबीची मालवाहू जहाजे जातात, ती पटकन थांबू किंवा वळू शकत नाहीत आणि त्यांच्या वाटेत न येणे ही लहान बोटीचीच जबाबदारी आहे. पाच आखूड भोंगे ऐकू आले तर ते तुमच्यासाठी आहेत असे समजून बाजूला व्हावे.

## टप्पा ७ : स्पर्शाच्या सहलीतील नोंद, दोन्ही बाजूंची

कॅनडात पोहोचताना क्रम असा ठेवावा.

१. कॅनडा सीमा सेवा संस्थेच्या (सीबीएसए) यादीतील सागरी नोंदणी-स्थळ निवडा. कोणताही सोयीचा धक्का चालत नाही.

२. बोट बांधल्यावर फक्त कप्तानाने उतरून १-८८८-२२६-७२७७ वर फोन करावा. बाकी सर्वांनी बोटीवरच थांबावे, सामानही उतरवू नये.

३. प्रत्येकाचे नाव, जन्मतारीख, नागरिकत्व, पासपोर्ट क्रमांक, बोटीचा नोंदणी क्रमांक, मुक्कामाचा काळ, कारण आणि सोबतच्या वस्तू सांगाव्यात. मद्य आणि अन्न न लपवता सांगावे.

४. मिळालेला नोंद क्रमांक लिहून घ्यावा आणि परत येईपर्यंत जपावा. अधिकारी प्रत्यक्ष तपासणीस येणार असतील तर थांबावे.

नेक्सस (पूर्वतपासणी झालेल्या प्रवाशांचे सीमा कार्ड) असलेल्यांनी किमान ३० मिनिटे आणि जास्तीत जास्त ४ तास आधी त्यांच्यासाठीच्या वेगळ्या क्रमांकावर फोन करायचा असतो. ही सोय बोटीवरील प्रत्येकाजवळ नेक्सस असेल तरच वापरता येते. एकाकडे नसेल तर सगळ्यांनी साध्या रांगेत यावे.

अमेरिकेत परतल्यावर तत्काळ अमेरिकी सीमाशुल्क खात्याला (सीबीपी) कळवणे ही कप्तानाची जबाबदारी आहे. नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांसाठी "रोम" हे मोबाइल अॅप सोयीचे आहे. त्यात पासपोर्ट आणि बोटीचे तपशील आदल्या दिवशी भरून ठेवावेत, म्हणजे धक्क्यावर अॅप उघडून फक्त आगमन कळवायचे उरते. अधिकारी कधी कधी व्हिडिओवर बोलतो. व्हिसावर असलेल्या प्रवाशांनी अॅपवर विसंबू नये. निघण्यापूर्वीच जवळच्या बंदर कार्यालयाला फोन करून प्रत्यक्ष हजर कुठे आणि किती वाजेपर्यंत व्हायचे हे विचारून घ्यावे आणि त्याप्रमाणे परतीची वेळ ठरवावी. कळवले नाही तर पहिल्या वेळी ५,००० डॉलर आणि पुढील प्रत्येक वेळी १०,००० डॉलर दंडाची तरतूद आहे, शिवाय बोट जप्त होऊ शकते.

बिनस्पर्शाच्या सहलीतून परतणाऱ्या अमेरिकी बोटीने परदेशी किनारा गाठला नसेल आणि दुसऱ्या बोटीकडून काही घेतले नसेल, तर अशी नोंद लागत नाही.

इशारा : कॅनडाची नोंद केली म्हणजे अमेरिकेची झाली असे नाही. जाताना एक फोन आणि येताना दुसरा, असे दोन वेगळे व्यवहार आहेत.

## टप्पा ८ : ओंटारियोतून अमेरिकी पाण्यात जाणाऱ्यांसाठी

कॅनडात कायम वास्तव्य मिळाले तरी भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा लागतोच, म्हणून मिशिगनच्या किनाऱ्याला लागण्याचा किंवा तिथे नांगर टाकण्याचा विचार व्हिसाशिवाय करू नये. गळ टाकण्यासाठी मिशिगनचा परवाना हवा, आणि ईरीच्या दक्षिण भागात गेलात तर ओहायो राज्याचा. परतताना कॅनडाच्या २०१७ च्या बदलातली तीच सवलत उलट दिशेने मिळते: बाहेर असताना भूमीवर उतरला नसाल आणि बोटीने नांगर, बांधणी वा दुसऱ्या बोटीशी संपर्क केला नसेल, तर पुन्हा नोंद लागत नाही.

नव्याने आलेले विद्यार्थी आणि कामगार परवाना घेताना स्वतःला ओंटारियोचे रहिवासी लिहितात. त्यासाठी मुख्य घर ओंटारियोत असावे लागते आणि अर्जापूर्वीच्या १२ महिन्यांत सलग सहा महिने तिथे राहिलेले असावे लागते. ऑगस्टमध्ये आलेल्याने ऑक्टोबरात रहिवासी परवाना काढला, तर तो खोटी माहिती दिल्याचा प्रकार ठरतो.

## टप्पा ९ : ट्रेलरवर बोट चढवताना

पुलावरून किंवा रस्त्याने बोट नेणार असाल, तर धक्क्याजवळच ती साफ करावी. ओंटारियोत १ जानेवारी २०२२ पासून बोट रस्त्याने नेण्यापूर्वी तिच्यावरचे जलवनस्पती, जीव आणि शेवाळ काढणे, पाणी काढून टाकणे आणि निचऱ्याची बुचे उघडणे बंधनकारक आहे. मिशिगनमध्ये २०१९ पासून असाच नियम आहे. ट्रेलरच्या चाकांजवळचे कोपरे, इंजिनाचा खालचा भाग, नांगराची दोरी आणि मासे जिवंत ठेवायची टाकी या चार जागा लोक विसरतात. उरलेले आमिष पाण्यात ओतू नये, कचऱ्यात टाकावे. बुचे उघडी ठेवून गाडी हाकावी, आणि पुढच्या वेळी बोट पाण्यात सोडण्यापूर्वी ती आठवणीने पुन्हा लावावीत.